सातच्या आत

संक्रांतीला आपण अकरा गुणांनी पुढे होतो.
चक्कीच्या पत्र्याच्या दारावर मीच खडूनं लिहिलं होतं:
आठ सामने, आठ विजय, चाळीस.
खाली सावंगी, एकोणतीस.
त्याखालची गावं लिहायची तसदीही घेतली नव्हती.

तेव्हा ज्वारी घेऊन येईल त्याला
मी पिठासोबत तक्ता तोंडी द्यायचो.
रामकृष्ण जिरापुरे म्हणाला,
"गुणवंता, फटाके आत्ताच आणून ठेव,
मंग भेटत नाई."
आणले.
तुरीच्या कट्ट्यामागं आहेत अजून.
उंदीर त्यांच्यापाशी जात नाहीत, मीही जात नाही.

पहिला गेला तेव्हा म्हटलं, होतं असं.
दवानं माती ओली होती, शिट्टी त्यांच्या गावची होती.
दुसऱ्याला प्रफुल्ल आत्राम पोलीस भरतीत धावत होता,
अमरावतीला,
आणि इथं आपला डावा कोपरा
कडी लावायची राहून गेलेल्या घरासारखा.
तिसऱ्यात दोनदा लोण बसला.
चौथा चार गुणांनी.
सातच्या आत हरलं की एक गुण मिळतो,
आणि ट्रॅक्टरमध्ये परत येताना
पोट्टे त्या एका गुणाबद्दल बोलत होते.
माघ सरला होता तरी मला थंडी वाजली.

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी
नलूनं माझा पिवळा दुपट्टा धुतला होता.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर म्हणाली असती,
"दुपट्ट्यानं काय सुखदेवचा पाय धरला?"

खरं म्हणजे मी कधी खेळलो नाही.
दम पुरत नाही, छातीत तीस वर्षांचं पीठ आहे.
पण सुखदेव कुमरे मध्यरेषा ओलांडतो
तेव्हा मीही श्वास धरतो,
तो परतला की सोडतो.
हल्ली तो परतत नाही.

आज त्याची माय आली, डबाभर गहू घेऊन.
"झोपेत दम घेते पोट्टं," म्हणाली,
"कबड्डी कबड्डी करते अन् मंधातच थांबते.
मंग मी उठून पाह्यतो, हाये का नाई."
दाराकडे बघत तिनं विचारलं, "किती राह्यलं आता?"
"आपूनच वर हावो, माय," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
दोन गुणांनी.

रात्री लाइन आल्यावर तिचा गहू लावला
आणि खडू घेतला.
रविवारी आपला शेवटचा, रोहण्याशी, त्यांच्या मातीत.
सावंगीचा तळाच्या गावाशी.
सावंगी हरली तर सुटलो.
सावंगी बरोबरीत अडकली, आपण सातच्या आत हरलो,
तर बेचाळीस-बेचाळीस, मग गुणफरक,
मग तो चारचा, तो लोण, तो बोनस
जो पंचानं दिला नव्हता पौषात...
दार भरलं. खाली वाकून लिहीत होतो.
मग कळलं मी काय मांडतोय ते.
संक्रांतीला मांडायचो, कितीनं जिंकू.
आता मांडतोय, कितीनं हरलेलं चालेल.

तेवढ्यात लाइन गेली.
मोटार गप्प, पट्टा सैल.
दगड मात्र फिरत राहिला,
नेहमीच राहतो, वीस-बावीस फेरे,
आणि पीठ येत राहतं, आधी तसंच, मऊ,
गिऱ्हाइकाला कळतही नाही.
मग जाडं. मग भरडा.
अंधारात मी चिमटीत घेऊन बघत होतो
आपण कितव्या फेऱ्यात आहोत.

बाहेरून कोणीतरी हाक दिली,
"गुणवंतभाऊ, रविवारचे ट्रॅक्टरचे पन्नास.
येता का नाई?"
"लिही," मी म्हटलं.
"अन् डाव्या कोपऱ्यातली जागा ठेव."