राहू द्या

पाचपावलीत एका दारामागचं
मला दीड मिनिट मिळतं.
टॉर्च, आकडा, मीटरचा फोटो, पुढचं दार.
तेवढ्यात दिसतं ते दिसतं :
कूलरवर वाळत टाकलेला शाळेचा गणवेश
(शाळा तर बंद आहेत, मे आहे),
भिंतीकडं तोंड करून ठेवलेली एक तसबीर,
आणि फोनवर कुणाला तरी
"हो बाप्पा, जेवून राह्यली" सांगणारी बाई.
गॅस बंद. ताट पालथं.

बाकीचं मला घरी जाऊन
बनवावं लागतं.

चार वर्षं बनवलं, जुन्या बिलांच्या पाठीवर.
बिलाची पाठ लहान.
माझी माणसं वाक्य अर्धं टाकून
निघून जायची.

मग इतवारीत वेलची घेतली दहा रुपयांची.
पुडीच्या कागदावर छापलेलं :
नवोदित कथाकारांसाठी. अप्रकाशित कथा.
प्रवेशशुल्क नाही.
शेवटची तारीख दोन जून.
वर्षाचा कोपरा फाटून गेलेला.
वेलची रुमालात ओतली
आणि तिथंच, मिरचीच्या ठसक्यात,
शिंकत शिंकत फोन लावला.

पलीकडं म्हातारा आवाज.
"ते होऊन तीन वर्षं झाली, बाई.
अंकच बंद पडला.
पण कथा आहे का?"

आहे, म्हटलं.
नव्हती.

"मग आणा दोन जूनपर्यंत.
तारीख छापलेलीच आहे."

नवतपा लागला त्या दिवशी.
डांबर चपलेला धरून ठेवायचं.
दुपारी दुपट्टा बांधून दारोदारी आकडे,
पहाटे साडेतीनला गच्चीवर, टाकीला पाठ लावून,
कारण तेवढा तासभर टाकी थोडी गार असते.
शेजारच्या गच्चीवरून शेवंताकाकूंनी
झोपेतच विचारलं, "काय करून राह्यली वं?"
"लिहून राह्यली."
"लिही मग," म्हणाल्या,
आणि कूस बदलली.
एवढी साधी परवानगी
मला कुणी दिली नव्हती.
मी मागितलीही नव्हती म्हणा.

सहाव्या दिवशी सगळं फाडलं.
सातव्या दिवशी तुकडे जुळवले.

निखारे मास्तर महालात राहतात,
जिना इतका अरुंद की दप्तर आधी वर पाठवावं लागतं.
चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेले डोळे,
आता एकाच डोळ्यानं वाचतात, पण लाल पेन तेच.
"विषण्ण" गेलं. "अथांग" दोनदा गेलं.
शेवटचं अख्खं पान गेलं,
त्यात मी सगळं समजावून सांगितलं होतं.
"गॅस काऊन नाही पेटवला बाईनं?"
माहीत नाही, म्हटलं.
"बरं आहे. मग मला का सांगत होतीस?"

"जेवून राह्यली"वर पेन थांबलं.
काट मारली.
समासात लिहिलं : जेवत आहे.
बघत बसले.
पंखा एक फेरा करून दमत होता.

मग स्वतःचंच अक्षर खोडलं
आणि माझ्या कापलेल्या शब्दाखाली
एकेक करून टिंबं दिली,
मुंग्यांची ओळ जावी तशी.
"हे काय?"
"हे आमच्यातलं. काट चुकली की देतात.
याचा अर्थ, राहू द्या."

बक्षीस नव्हतंच. छापायला अंक नव्हता.
दोन पत्ते दिले त्यांनी, एक चंद्रपूरचा,
आणि म्हणाले, "दुसरी कधी आणतेस?"

आता नवे मीटर येणार आहेत,
आकडे आपोआप जातील म्हणतात.
दारं वाजवायला
कुणी लागणार नाही.

जूनमध्ये पुन्हा पाचपावली.
तेच दार. तसबीर अजून भिंतीकडं.
"पाणी पिता का?" बाईनं विचारलं.
दर महिन्याला विचारायची ती.
मी दर महिन्याला "नको, घाई आहे" म्हणायची.

टॉर्च बंद केला.
बसले.