रेघ

कसबा बावड्यात कारखाना सुरू झालाय,
रेकॉर्डरूमच्या खिडकीतून मळीचा वास येतो.
मुल्लाणी भाऊसाहेब गठ्ठ्यांच्या गाठी सोडतात,
मी फायली मोजते.
एक हजार नऊशे चौदा कच्चे कैदी,
बावीस रकाने.
आई शेजारच्या आक्कांना सांगते, पोरगी कोर्टात असते.
वकील? नाही.
कारकून? तसंही नाही.
मग करती काय?
आई जरा थांबून म्हणते, बेरजा.

सगळ्यात वाईट नावांचा रकाना.
इराप्पा कोरवी, बिंदू चौक सबजेल, एकेचाळीस दिवस.
इरप्पा कोर्वी, कळंबा, त्रेसष्ट.
विरप्पा कुरवी, एकशे अठरा.
आय. जी. कोरवे, एकशे नव्वद.
लिहून घेणारे चौघे, ज्याला जसं ऐकू आलं तसं.
पडद्यावर चार वेगळी माणसं,
चौघांचीही कैद तशी बेताची,
कुणी वळून बघणार नाही अशी.
पण बापाचं नाव चारी ठिकाणी गंगाप्पा,
आणि मालही तोच:
शिरोलीच्या फौंड्रीतलं पितळेचं भंगार,
सोळा किलो दोनशे ग्रॅम.

मी ओळी जोडल्या.
तिघे पुसले गेले,
उरला एक, चारशे बारा दिवसांचा.

पुण्याहून सरांचा फोन:
हा आउटलायर आहे. सरासरी बिघडवतोय. वगळ.
'करतो सर,' म्हणालो मी.
आमच्याकडं बायका असंच बोलतात,
करतो, जातो, येतो.
सर दर वेळी हसतात.
त्यांच्या फॉर्मवर मी 'स्त्री'पुढं खूण केलेली आहे,
तिथं बोलीचा रकाना नाही.

वगळला नाही.
फाईल घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेलो.
जामीन: मंजूर, एकेचाळिसाव्या दिवशी.
रक्कम: पंधरा हजार.
जामीनदार:
आणि त्यापुढं निळ्या शाईची आडवी रेघ.

सहा महिने अशा रेघेला मी नव्व्याण्णव लिहीत आलो होतो.
नव्व्याण्णव म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
"ही तर माझीच रेघ.
रकाना मोकळा दिसला की साहेब वरडायचे,
म्हणून मारून ठेवायची.
उपलब्ध नाही कसं म्हणता मॅडम? उपलब्ध हाय की.
कुणी आलंच नाही.
घरफाळ्याची पावती मागत्यात जामीनदाराला.
पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणारा भाऊ,
त्यो कुठली आणणार?"

एकेचाळीस ते चारशे बारा.
मी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली,
कॉम्प्युटर समोर असूनही हातानं केली.
तीनशे एकाहत्तर.

मग सुटला कसा?
"सुटतोय कुठला. कबूल केलं.
शिक्षा तीन महिन्यांची लागली, ती भोगून कधीच झालेली.
त्याच दिवशी सांजच्याला घरी."
भाऊसाहेबांनी चहा बशीत ओतला.
"चोरी केली हुती का, ते मला विचारू नका."

आमच्या तक्त्यात तो 'दोषसिद्ध'मध्ये बसतो.
त्या स्तंभाला हिरवा रंग दिलाय,
मीच दिलाय, मार्चमध्ये,
निळा छापून नीट येत नव्हता म्हणून.

आता संकेतांच्या यादीत एक ओळ वाढवली आहे:
अठ्ठ्याण्णव. कुणी आलं नाही.
रेघ असलेल्या फायली सहाशे सात.
प्रत्येक पुन्हा उघडायची,
मागचे कागद बघायचे,
रेघ खरंच न कळाल्याची की न येण्याची,
आणि कुठं कुठं ते भाऊसाहेबांनाही आठवत नाही,
तिथं नव्व्याण्णवच ठेवायचं.

आज त्रेचाळीस झाल्या.
एकतीस ठिकाणी अठ्ठ्याण्णव.
बाहेर केएमटी थांबून निघून गेली,
शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा.
फोनवर सरांचे दोन मिस्ड कॉल.
चव्वेचाळिसावीची गाठ
ओलीनं आवळली आहे, सुटत नाही,
भाऊसाहेब दातांनी सोडवतायत.