तिसरा गिअर

पोस्टातली आरडी फुटली : दोन लाख साठ.
त्यात दोनच बसत होत्या.

पांढरी पोलो, पुलगावच्या दंतवैद्याची,
सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली,
सर्व्हिसची पावती न् पावती फाइलीत.
आणि लाल पुंटो, बंपरला एम-सीलचं ठिगळ,
डिकीत कोणाच्या तरी बारशाच्या वाळलेल्या घुगऱ्या.

दुर्योधन मेस्त्री दोघींच्या पोटाखाली सरपटला,
टॉर्च तोंडात धरून.
"मॅडम, पांढरी घ्या. लालचा पार्ट कोठून आणसान?
कंपनीच गेली ना उठून."
खरं होतं.
मी ग्रामीण रुग्णालयात रोज लोकांचं रक्त तपासते,
आकडे मला वाचता येतात.
सगळे पांढरीच्या बाजूने होते.

मग आर्वी रोडवर, जिनिंगच्या पुढे,
जिथे डांबर दीड किलोमीटर शाबूत आहे,
लाल तिसऱ्यात टाकली आणि दाबली.
स्टिअरिंगमधून रस्ता हातात आला,
खडी न् खडी.
मेस्त्री ॲव्हरेजचं सांगत होता,
मध्येच थांबला.
डॅशबोर्ड धरून म्हणाला, "बाप्पा."

पांढरीही चालवली. छान होती.
दार लागतानाचा आवाजसुद्धा सभ्य.

लाल घेऊन येताना रोहण्याजवळ
पुढ्यात कापसाची बंडी,
दोन्ही अंगांनी रस्त्यावर ओसंडलेली.
ओव्हरटेकला जागा नाही.
वीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्यात,
बोनेटवर पुंजके उडून बसताहेत.
"आता काय करसान स्पीडचं?" मेस्त्री म्हणाला.

मी रेडिओ बंद केला,
काच खाली घेतली,
इंजिन ऐकत राहिले.