नमुने सहा

बेर्दिबेकची काठी स्प्रूसची, टोकाला लोखंडी शेंबी.
खाचा त्याने स्वतः चाकूने पाडलेल्या, दर सेंटिमीटरला एक,
दर दहाला लाल दोरा.
एकतीस हिवाळे, नारीनच्या वरच्या उतारांवर,
तो ती बर्फात खुपसत आला, आकडा ओरडत आला
आणि कोणीतरी लिहून घेत आलं.
या वर्षी ते कोणीतरी मी.

माझ्याकडे बिश्केकहून आलेली ॲल्युमिनियमची काठी.
एकाच जागी, वीतभर अंतरावर, दोन्ही खुपसायच्या
आणि वजा करायचं.
"वजाबाकीसाठी एवढी चढण?" तो म्हणाला
आणि तोंडातला कुरुत या गालातून त्या गालात सरकवला.

पहिल्या दिवशी तीनच जागा झाल्या.
घोडी लंगडायला लागली, उजेड गेला.
त्याची काठी दरवेळी जास्त सांगत होती:
दोन, तीन, एक.

रात्री शेगडीपाशी कागद काढला.
आधी धरून चालायचं की दोन्ही काठ्या सारख्याच, म्हटलं.
"म्हणजे मी खरा, असं धरून?"
हो.
"मग ठीक आहे," म्हणाला, आणि चहात मीठ टाकलं.

सरासरी फरक दोन. विखुरणं एक.
विखुरण्याला तिनाच्या वर्गमुळाने भागलं, त्याने सरासरीला.
टी आला ३.४६.
तक्त्यात तीन नमुन्यांचा उंबरठा ४.३०.
एवढ्याशा साक्षीवर कोणाला खोटं म्हणता येत नाही.
ऐकून तो खूश झाला नाही.
"म्हणजे खराही नाही ठरलो."
नाही.

दुसऱ्या दिवशी उसनी घोडी, आणखी तीन जागा.
चार, दोन, शून्य.
चौथ्या जागी वारा असा की ओरडलेलं ऐकू येईना,
आकडा त्याने बोटांनी दाखवला.
मग खिंडीवर ढग बसला तो बसलाच.
सहा ते सहाच.

पुन्हा कागद. सरासरी तीच.
विखुरणं वाढलेलं, जागाही वाढलेल्या,
आणि टी पुन्हा ३.४६.
मी दोनदा तपासलं, कंदील ओढून तिसऱ्यांदा.
आकडा तसूभर हलला नव्हता.
उंबरठाच उतरून २.५७ वर आला होता.
काल जो दाराबाहेर ताटकळत होता
तोच, त्याच कपड्यांत, आज घरात.

बेर्दिबेकने काठी मांडीवर आडवी घेतली,
शेंबीवरून अंगठा फिरवला. पार बोथटलेली.
"कधी?" एवढंच विचारलं.
कुठल्या हिवाळ्यात किती झिजली,
ते या तक्त्यात नाही, पुढच्या पानावरही नाही.
एकतीस वह्यांमधला बर्फ थोडा जास्तीचा,
कुठून जास्तीचा, कोणाला ठाऊक.
लोखंड मात्र वरच आहे, कणाकणाने,
उन्हाळ्यात ओढ्याबरोबर थोडं खाली येत असेल.

मी वहीत लिहिलं:
जुनी काठी, सरासरी दोन सेमी जादा. नमुने सहा.
त्याने पेन्सिल मागितली
आणि खाली, शाळकरी अक्षरात:
चौथ्या जागी वारा होता.

वारा माझ्या हिशेबात होता, त्या विखुरण्यात.
पण नावानिशी नव्हता.
ती ओळ मी खोडली नाही.