सैकहून उतरताना

सैकच्या पठारावर रस्ता सरळ होता तोवर
मी साठवर आकडा बांधला,
पाय काढून घेतला,
आणि गाडी आपली आपण चालू लागली.
डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा. बस.

शेजारी दिलावर मुकादम,
मांडीवर डाळिंबांची पेटी.
बावीस वर्षं निझव्याच्या इस्पितळाची गाडी हाकून
आज पहिल्यांदाच प्रवासी.
डावा हात सारखा गिअरकडे जायचा,
पेटीवर परत यायचा.

एका लहानशा चढावर इंजिन खाकरलं,
काटा साठवरच.
मी म्हटलं, बघा चाचा, किती इमानी.
ते म्हणाले, चढावर सगळेच इमानी असतात गो.
उताराला बघ.

उतार आला.
बासष्ट.
हिरवा दिवा तसाच, शांत.
सहासष्ट.
समोर वळण, वळणापलीकडे नुसती हवा,
आणि खूप खोल, बिरकत अल मौझच्या खजुरी,
विहिरीच्या तळाशी शेवाळ दिसावं तशा.
एकाहत्तर.
अहो, हिला साठ सांगितलंय मी!

सांगितलंस. पण हिच्या हातात आहे काय?
पेट्रोल द्यायचं, नाहीतर द्यायचं नाही.
आता देत नाहीये. मघापासूनच देत नाहीये.
न देण्यापेक्षा कमी कसं देणार?
ही धाव तिची नाही. डोंगराची आहे.

मला वॉर्डातला पंप आठवला.
तासाला पाच मिली, सात मिली,
बटण दाबलं की ढकलत राहणारा रात्रभर.
त्याला शून्यावर आणता येतं,
शून्याच्या खाली नाही.
शिरेत गेलेलं परत ओढणं त्याला ठाऊक नाही.
तिथून पुढे कुणीतरी
उशाशी उभं राहायचं असतं.

पाय ब्रेकवर गेला. दिवा विझला.

दाबून धरू नको, तापतील.
गिअर खाली घे. अजून खाली.
इंजिन केवढ्यांदा ओरडलं!
ओरडू दे, ते म्हणाले, आता तीच स्वतःला धरतेय.
चौपन्न. सेहेचाळीस.
मग थोडा ब्रेक, मग सोड. मग थोडा.
अडतीस.

उजवीकडून खडीची एक वाट वर चढत गेली,
कुठेच न पोचणारी,
ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी ठेवलेली.
मुकादमांनी तिला मान लववली,
जुन्या ओळखीच्या माणसाला लववावी तशी.
मी विचारलं नाही.

नव्या गाड्या म्हणे ब्रेकही स्वतःच लावतात, चाचा.
लावू देत की. तापायचे ते तापतातच.
डोंगर काय नवा आलाय?

पुढच्या महिन्यात ते कायमचे बाणकोटला.
थोरला फोनवर विचारतो, अब्बा, येऊन करणार काय?
हे त्यांनी पेटीकडे बघत सांगितलं,
आणि एक डाळिंब उगाच फिरवून ठेवलं.

खाली पोलीस चौकीशी गाडी उभी केली.
जळक्या रबरासारखा वास, अगदी पुसट.
मुकादम उतरले, पुढच्या चाकापाशी वाकले,
आणि तळहात नाही,
हाताची पालथी बाजू रिमजवळ नेली,
न लावता,
झोपलेल्या पोराच्या कपाळाशी नेतात तशी.

कणकण आहे, म्हणाले.
उतरेल.

मग आम्ही सावलीत बसलो,
आणि पेटीतलं सगळ्यात तडकलेलं डाळिंब
त्यांनी आधी चौकीतल्या पोराला दिलं.