गुंडी

पारोळ्याच्या बाजारपेठेत, भांडेगल्लीच्या तोंडाशी,
चाळीस वर्षं मी छात्या मोजतो आहे.
लग्नाआधीची चौतीस, नंतरची बेचाळीस.
टेप लागली की माणूस श्वास ओढून उभा राहतो.
मी म्हणतो, सोडा, सोडा,
कापडाला खोटं चालत नाही.

गुंडीचं माप मात्र कधी घेतलं नव्हतं.
पोरीनं नाशिकहून आणली, नोकरी बदलली, ठेवून गेली.
पांढरी, लोकरीची लडी सुटावी तशी,
अडीच किलो,
त्यातलं अर्धा किलो नुसतं भुंकणं.

वैशाखात ऊन भिंतीतून आत यायला लागलं
म्हणून तिचे केस उतरवले, माझ्याच कात्रीनं.
पोटावरून हात फिरवताना
फासळ्या संपतात तिथे, मधोमध,
बोटाला काहीतरी लागलं.
टोकदार. दाबलं की आत,
सोडलं की वर.
अस्तरात राहून गेलेली टाचणी लागते तसं.

सिंधूला हाक मारली नाही.
तिच्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं,
वाटाण्याएवढं काहीतरी.
मग मुंबईच्या फेऱ्या, मग तिच्या साड्या
आमच्याकडे आल्या, फॉल न लावलेल्या.
तेव्हापासून आमच्या घरात
दोऱ्याच्या टोकालासुद्धा गाठ मारत नाहीत,
'काय ते' मारतात.

तीन रात्री चोरून चाचपलं.
गुंडीला वाटलं लाड चाललेत,
ती उताणी, चारी पाय आढ्याकडे.
टेप लावली. पाव इंच.
दुसऱ्या दिवशी पाव इंच आणि एक सूत,
की माझाच हात हलला, कळेना.
समोरचा भिका चहावाला म्हणाला, शेवभाजी घालत असाल तिला.
कुणी हळद सांगितली, कुणी धुळ्याचा मोठा डॉक्टर.
मी दोन ब्लाउजांना उलट्या बाह्या जोडल्या.

चौथ्या दिवशी पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात.
पुढे एक म्हैस, एक गाभण शेळी,
एक बैल, पाय अधांतरी धरून.
गुंडीनं पिशवीतून डोकं काढून सगळ्यांना दम दिला.
म्हशीनं एकदा पाहिलं
आणि रवंथ पुढे चालू.

डॉक्टर सुरवाडे कोपरापर्यंत हात धूत होते.
ओल्या अंगठ्यानं तिथे दाबलं, क्षणभरच.
"हाड शे ते, मास्तर.
छातीना हाडनी शेपटी.
कोनी आत वळस, कोनी बाहेर."
मी विचारलं, नक्की? वाढणार नाही ना?
तर त्यांनी माझाच हात धरला,
माझ्या शर्टाच्या चौथ्या गुंडीखाली नेला, दाबला.
"तुम्हले बी शे."

होतं.
टेप जिथून फिरवतो, तिथून चार बोटं खाली.
फौजदाराला होतं, नवरदेवांना होतं,
उधारी बुडवून सुरतेला गेलेल्या त्या वकिलालाही असणार.
चाळीस वर्षांत एकदाही
माझं बोट तिथे थांबलं नव्हतं.

बैलवाल्यानं विचारलं, "काय निंघनं?"
काही नाही निघालं, म्हणालो,
आणि किल्ल्याच्या खंदकाकडून लांबच्या वाटेनं घरी आलो.

आठवड्यानं पायरी चढताना तिचा गुडघा 'कट्' वाजला.
मग शेवटची बरगडी सापडली, मोकळी,
हेम न घातलेल्या काठासारखी.
फोन केला. सुरवाडे म्हणाले,
ती सगळ्यांचीच मोकळी असते, मास्तर.
शिवायची आहे का तुम्हाला?

रात्री गच्चीवर सिंधूला सगळं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "गाठ नाही ना?"
नऊ वर्षांनी शब्द घरात आला,
आणि काही पडलं नाही, फुटलं नाही.
गुंडी आमच्या मधोमध
दोघांची जागा एकटीनं अडवून घोरत होती.

सिंधूनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.
"इथे?"
अजून खाली.
"इथे?"
थोडं अजून.
मग ती एकदम थांबली,
हात काढला,
आणि पुन्हा एकदा
दाबून पाहिलं.