वार चुकला

ग्रिम्सबीत, मासळीच्या धक्क्यामागे, मेथडिस्टांच्या जुन्या हॉलमध्ये
हीटर एकच, तोही चेलोवाल्याने पळवलेला.
मी व्हायोला घेऊन खिडकीशी, बोटं काखेत धरून,
आणि हेडफोनमध्ये डोरीन ॲपलगार्थ बोलू लागते.

वय शहाऐंशी. ट्रॉलरची जाळी विणण्यात पन्नास वर्षं गेली.
फिलिपाने तिच्या स्वयंपाकघरात नऊ तास ध्वनिमुद्रण केलं,
त्यातली अकरा मिनिटं ठेवली.
किटलीचा आवाज ठेवला. खुर्ची सरकते तोही.
मग एकेका शब्दाखाली स्वर लिहिला:
बाई चढते तिथे मी चढायचं,
ती अडखळली की आम्ही चौघांनी अडखळायचं, मात्रा मोजून.

सोपं वाटतं. बोलणं काय, कुणीही बोलतं.
पण तिचा 'गुरुवार' कोमल गंधारावर सुरू होतो
आणि उतरतो अशा जागी
जिथे पेटीला पट्टीच नाही.
आठ दिवस ती जागा शोधतेय.
बोट केसभर वर गेलं की तक्रार होते,
केसभर खाली, की रडणं.
तिचं तर दोन्ही नाही. ती नुसता वार सांगतेय:
'म्हणाला, गुरुवारी येतो परत.'

घरी कांदा चिरताना मीच मला पकडते,
'हो ना', 'असू दे', 'कशाला उगीच'.
हे कुठल्या सुरातलं?
एकवीस वर्षं इथे राहून
माझ्या 'असू दे'चं शेपूट वर वळायला लागलंय की काय,
इकडच्या लोकांसारखं?
लिहून काढायला बसले,
आणि पाच रेघा समोर आल्यावर
बोलताच येईना.

शनिवारी डोरीन आली. तिसऱ्या रांगेत,
कोट न काढता, मांडीवर पर्स.
केल्विनने कळ दाबली.
स्पीकरमधून डोरीन: तिची आई, लाकडी सुई, दोराला डांबराचा वास,
दिवसाला किती वाव विणून व्हायची.
आम्ही तिच्या मागोमाग,
नवरीमागे करवल्या चालतात तशा,
पदरावर पाय पडू न देता.

मग तो गुरुवार.
या वेळी बोट बरोब्बर पडलं.
क्षणभर कोण बोलतंय
ते माझ्या हनुवटीलाही कळेना.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, खणखणीत:
'बुधवार. बुधवार म्हणाला होता तो.'

स्पीकर थांबत नाही. स्पीकरला काय त्याचं.
फिलिपाने तो गुरुवार सात वेळा घेतलाय,
आम्हीही इमानेइतबारे गुरुवार, गुरुवार,
आणि दर खेपेला तिसऱ्या रांगेत मान हलते, नाही.
इंग्रजीत दोन्ही वार दोन-दोन अक्षरांचे, मापात बसतात.
सूर तेवढा निराळा. तिचा बुधवार सपाट,
ओट्यावर बशी ठेवावी तसा.

पाचव्या की सहाव्या खेपेला
डोळे कागदावरच होते माझे, शपथ.
बोटाने काय केलं ते बोटाला विचारा.
फिलिपाची भुवई वर गेली. चेलोवाला हसू दाबत वाकला.
केल्विनच्या यंत्रावर सगळे दिवे हिरवेच.

नंतर चहाच्या टेबलाशी मी विचारलं, नक्की बुधवार?
ती बिस्कीट बुडवत म्हणाली,
'नक्की कसलं, पोरी. बासष्ट वर्षं झाली.
पण ती तिथली बाई', आणि बोट स्पीकरकडे,
'इतक्या ठामपणे सांगत होती ना,
म्हणून संशय आला.'

बिस्कीट तुटून कपात पडलं.
तिने चमचा मागितला.